चढणीचे मासे

चढणीचे मासे म्हणजे पावसाळ्यात नदी-नाल्यांना नवे पाणी आले असता, अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर जाणारे गोड्या पाण्यातील मासे. या हालचालीस 'चढण' म्हणतात आणि त्या काळात ओढे, नाले, बंधारे व तलावांचे सांडवे यांवर केल्या जाणाऱ्या मासेमारीस 'चढणीचे मासे धरणे' असे म्हटले जाते. पश्चिम महाराष्ट्रात कृष्णा व भीमा यांच्या खोऱ्यांत हा प्रकार सर्वत्र परिचित आहे. उत्तर कोकणात यालाच 'वलगण' आणि अशा माशांना 'वलगणीचे मासे' असे नाव आहे.

चढणीचे मासे गाभोळीने भरलेले असल्यामुळे चवीसाठी नावाजले जातात. मात्र हीच गाभोळी पुढील वर्षीच्या माशांचे बीज असते. त्यामुळे माशाला मागणी सर्वाधिक असते, त्याच वेळी त्याला पकडल्याने नदीचे नुकसानही सर्वाधिक होते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात ओढे वर्षातील मोजकेच दिवस वाहतात, म्हणून तेथे हा प्रश्न विशेष तीव्र ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असून सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. भीमा ही जिल्ह्यातील मुख्य नदी. ती पुणे जिल्ह्यात भीमाशंकर येथे उगम पावते, पंढरपूर येथे चंद्रभागा या नावाने ओळखली जाते आणि पुढे कर्नाटकात कृष्णेस मिळते. नीरा, माण आणि सीना या तिच्या या भागातील प्रमुख उपनद्या होत. नीरा नरसिंहपूर येथे, तर सीना दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल येथे भीमेस मिळते.

जिल्ह्यातील नद्यांना दोन प्रकारचे पूर येतात. पहिला पूर वरच्या भागातील पावसाचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीत मुसळधार पाऊस झाला की पुणे जिल्ह्यातील धरणांचे पाणी भीमेत व नीरेत उतरते. अशा वेळी सोलापुरात आकाश निरभ्र असले तरी भीमा दुथडी भरून वाहते. दुसरा पूर स्थानिक पावसाचा असतो. तो बहुधा उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. ऑक्टोबर २०२० आणि सप्टेंबर २०२५ मधील पूर या प्रकारात मोडतात.

चढणीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. वरून आलेल्या पुराने नदी भरते, पण गावओढे कोरडेच राहतात. ओढ्याच्या मुखापर्यंत आलेल्या माशाला आत शिरण्यास पाणी नसते. स्थानिक पावसाने ओढे वाहू लागले, तरच मासे शेतांच्या कडेपर्यंत पोहोचतात. म्हणूनच सह्याद्रीच्या पायथ्याशी मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर सुरू होणारी चढण सोलापुरात पावसाच्या लहरीप्रमाणे तुकड्या-तुकड्याने आणि कित्येकदा उशिरा होते.

चढणीची कारणे

भारतातील बहुतेक कार्पवर्गीय माशांची प्रजननेंद्रिये उन्हाळ्यात, वाढत्या दिवसमानाबरोबर व तापमानाबरोबर पक्व होऊ लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर मादी अंड्यांनी भरलेली असते. परंतु साचलेल्या पाण्यात ती अंडी सोडत नाही. पाण्याचे तापमान उतरणे, त्यात विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण वाढणे, गढूळपणा येणे, पातळी चढणे आणि प्रवाह सुरू होणे या सर्व बदलांचा एकत्रित परिणाम माशाच्या मेंदूतील पीयूष ग्रंथीवर होतो. तिच्यातून स्रवणारी संप्रेरके अंडी सोडण्यास चालना देतात.

वर जाण्याचा लाभही स्पष्ट आहे. नुकत्याच पाण्याखाली गेलेल्या उथळ जागेत मोठे भक्षक मासे कमी असतात. कुजणारे गवत व पालापाचोळा यांमुळे तेथे सूक्ष्मजीवांची झपाट्याने वाढ होते आणि पिल्लांना पहिले अन्न मिळते. रोहूसारख्या माशाची मादी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे दोन लाख अंडी देते. अनुकूल तापमानात ती साधारण १५ ते १८ तासांत उबतात. अंडी संख्येने विपुल असली तरी पाणी लवकर ओसरले तर ती चिखलात सुकून जातात. एखादा ओढा एक दिवस वाहिला की तीन दिवस, यावर त्या वर्षीची पैदास अवलंबून असते.

चढणीनंतर उलट प्रवासही होतो. अंडी घालून रिकामे झालेले मोठे मासे पाणी उतरू लागताच नदीकडे परततात आणि काही आठवड्यांनी बोटाएवढी झालेली पिल्ले त्याच वाटेने खाली येतात.

चढणारे मासे

लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या नद्यांतील माशांचा अभ्यास केला व १८३९ पासून त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना त्याने अनेक ठिकाणी स्थानिक मराठी नावेच लॅटिन वळणाने स्वीकारली. त्यामुळे भीमेच्या खोऱ्यातील बोली आजही जगाच्या मत्स्यशास्त्रात टिकून आहे. टॉर खुद्री (दख्खनी महसीर), हिप्सेलोबार्बस कोलस, लेबिओ पोटेल, लेबिओ बोगट, सिर्हिनस फुलुंगी, गारा मुल्या आणि रिटा गोगरा ही त्याची उदाहरणे होत.

चढणीत आढळणाऱ्या माशांचे ढोबळमानाने पुढील गट पडतात.

कार्पवर्गीय मासे : लेबिओ व सिर्हिनस वंशांतील स्थानिक मासे आणि पुंटियस वंशातील लहान खवलेदार मासे यांत येतात. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे असून मत्स्यबीज सोडल्यामुळे ते येथील जलाशयांत आले. पाणी वाढले की तेही प्रवाहाकडे धावतात.

मिशाळ मासे : शिंगटी, शिवडा इत्यादी. शिवडा हा मोठा भक्षक मासा असून तो स्वतः अंडी घालण्यासाठी चढतो आणि चढणाऱ्या लहान माशांचा पाठलागही करतो.

मरळ व तिच्या लहान जाती : हे मासे हवेतून श्वसन करू शकतात आणि ओल्या जमिनीवरून थोडे अंतर सरपटत जातात. ते पाणवनस्पतींत घरटे करतात व अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला की त्याखाली असलेला मोठा मासा सहज धरला जातो. राखण करणारा मासा गेल्यास पिल्लांचा टिकाव लागत नाही.

खडकाळ ओढ्यांतील लहान मासे : मुऱ्या आणि गारा वंशातील मासे. गाराच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो. त्याच्या साहाय्याने खडकाला चिकटून तो लहान धबधब्यांवरही चढतो.

याउलट उजनी जलाशयात मुबलक असलेल्या चिलापीला (तिलापिया) चढणीची गरज नसते. हा आफ्रिकेतून आलेला मासा साचलेल्या पाण्यातच प्रजनन करतो आणि मादी अंडी तोंडात उबवते. ओढे वाहिले नाहीत तरी चिलापीची संख्या वाढत राहते, हे तिच्या यशाचे एक प्रमुख कारण आहे.

मासेमारीच्या पद्धती

पुराच्या पाण्यात मासे पकडण्याचे तंत्र मुख्यतः पाण्याचे वळण ओळखण्यावर आधारलेले आहे. लोंढ्याच्या मधल्या धारेत माशाला फार काळ तग धरता येत नाही. तो काठालगतचे संथ पाणी, मोठ्या दगडाची आडोशाची बाजू, वळणाच्या आतील बाजू, बुडालेल्या झुडपांची मुळे अशा ठिकाणी थांबत थांबत वर सरकतो. जेथे स्वच्छ ओढा गढूळ नदीला मिळतो त्या संगमावर मासे विशेष गर्दी करतात. पाणी चढत असताना मासे वर जात असतात, तर उतरताना ते खाली येत असतात. त्यानुसार जाळ्याचे व सापळ्याचे तोंड फिरवले जाते.

फेकजाळे : कडेला शिशाचे मणी लावलेले गोल जाळे काठावरून पसरून फेकतात. संथ व उथळ जागी ते उपयोगी पडते. वेगाच्या धारेत जाळे तळाशी बसण्यापूर्वीच वाहून जाते.

सापळे : बांबूच्या कामट्यांचे, आत निमुळत्या तोंडाचे सापळे ओढ्याच्या अरुंद जागी बसवतात. दोन्ही बाजूंना दगड, माती व फांद्यांचा बांध घालून माशाला त्याच वाटेने जाण्यास भाग पाडतात. आत शिरलेल्या माशाला निमुळत्या तोंडातून परतता येत नाही.

गळ : पुराचे पाणी गढूळ असल्याने माशाला लांबचे दिसत नाही, तो वासावर व स्पर्शावर भक्ष्य शोधतो. त्यामुळे अशा पाण्यात गांडुळासारखे आमिष लावून गळ काठाजवळ व तळाशी टाकतात. मिशाळ मासे आणि वाम यांना ही पद्धत लागू पडते.

सांडव्यावरील मासेमारी : पाझर तलाव भरून सांडवा वाहू लागला की खालच्या ओढ्यातून आलेले मासे सांडव्याच्या पायथ्याशी अडतात व उड्या मारू लागतात. तेथे हाताने, कापडाने किंवा टोपलीनेही मासे धरले जातात. बहुसंख्य ग्रामस्थांचा चढणीशी संबंध एवढ्यापुरताच येतो.

विजेचा प्रवाह पाण्यात सोडणे, स्फोटके वापरणे आणि विषारी पदार्थ मिसळणे या पद्धती घातक आहेत. त्यांमुळे लहान-मोठे सर्वच जीव मरतात आणि माणसांचेही प्राण जातात.

ऐतिहासिक उल्लेख

मत्स्यशिकार हा या प्रदेशातील जुना विषय आहे. सोलापूरच्या पूर्वेस असलेल्या कल्याणी (आजचे बसवकल्याण) येथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ व दोरी यांची माहिती येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

विशिष्ट दिवशी मासेमारी टाळण्याची कल्पनाही प्राचीन आहे. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासी पौर्णिमा व अन्य ठरावीक दिवशी मासे मारण्यास व विकण्यास मनाई केलेली आढळते. महाराष्ट्रात चातुर्मास, विशेषतः श्रावण, अनेक कुटुंबांत सामिष आहार वर्ज्य मानला जातो. आषाढी एकादशीला सुरू होणारा हा काळ माशांच्या प्रजननकाळाशी बराच जुळतो. या प्रथेमागील प्रेरणा धार्मिक असली तरी तिच्यामुळे काही आठवडे मागणी घटते. मात्र पहिल्या पावसातील चढण चातुर्मासापूर्वीच होऊन जात असल्याने त्या माशांना तिचा आधार मिळत नाही.

समाज आणि बाजार

भीमाकाठी भोई व कोळी समाजांचा परंपरेने नदीशी, नावाड्याच्या व्यवसायाशी आणि मासेमारीशी संबंध आहे. त्यांच्या दृष्टीने चढण हा वर्षभराच्या कामातील एक टप्पा असतो, तर शेतकरी व शेतमजुरांसाठी ती पेरणीच्या आगेमागे चार दिवस मिळणारी फुकटची मेजवानी असते. उजनी जलाशय झाल्यावर व्यावसायिक मासेमारीचा केंद्रबिंदू ओढ्यांकडून जलाशयाकडे सरकला. जलाशयाच्या काठावरील पुणे जिल्ह्यातील भिगवण ही आज या भागातील माशांची मोठी बाजारपेठ आहे.

चढणीपुढील अडथळे

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११७ अब्ज घनफूट एकूण क्षमतेच्या या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. धरणामुळे नदीतील माशांचे दोन भाग पडले. धरणाच्या वरचे मासे मुख्य भीमा, घोड, मुळा-मुठा आणि जलाशयास मिळणारे ओढे यांत चढू शकतात. खालच्या बाजूच्या माशांना मुख्य नदीने वर जाता येत नाही. त्यांना नीरा, माण, सीना आणि लहान ओढे एवढेच मार्ग उरतात. धरणाच्या पायथ्याशी अडून राहिलेले मासे जाळ्यांत सहज सापडतात.

उन्हाळ्यात उजनीतील साठा अनेक वर्षी मृत साठ्याच्याही खाली, म्हणजे व्यवहारातील भाषेत 'उणे' जातो. पाणी आटून मासे थोड्या जागेत एकवटतात आणि पावसाळ्यात चढण करू शकणारे प्रौढ मासे त्यापूर्वीच मोठ्या प्रमाणात पकडले जातात.

भीमा व सीना यांवरील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात आणि पावसाळा संपताना पुन्हा बसवतात. बर्गे काढलेले असताना खांबांमधून पाणी मोकळे वाहते व माशांना वाट मिळते. बर्गे काढण्यास उशीर झाला तर पहिल्या पुरातील मासे बंधाऱ्याखालीच अडतात. ते लवकर बसवले तर परतणारी पिल्ले वर अडकतात. पाणी अडवण्यासाठी ठरवलेले हे वेळापत्रक अशा रीतीने माशांचेही भवितव्य ठरवते.

यांशिवाय ओढ्यांवरील अतिक्रमण, वाळूउपसा, काठावरील झाडोरा तोडणे, तसेच साखर कारखाने व शहरांतील सांडपाणी यांमुळे अंडी घालण्याच्या जागा कमी होतात. वाळू गेलेल्या पात्रात डोह व उथळ धारा यांची रचना मोडते आणि चढणाऱ्या माशाला विसाव्याची जागा राहत नाही.

कृत्रिम प्रजनन

चढणीमागील शरीरक्रियेचा उलगडा मत्स्यशेतीस उपकारक ठरला. पूर्वी रोहू-कटल्याचे बीज पावसाळ्यात नदीतूनच गोळा करावे लागे. पश्चिम बंगालमध्ये पावसाचे वाहते पाणी तलावात घेऊन पुराची स्थिती निर्माण करण्याची 'बंध' पद्धत होती. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पवर्गीय माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश मिळवले. हा दिवस भारतात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज उजनीसह अनेक जलाशयांत सोडले जाणारे बीज या तंत्राने तयार होते. तथापि हे बीज मोजक्या व्यापारी जातींचे असते. साइक्सने नोंदवलेल्या स्थानिक जातींपैकी बहुतेकींचे पुनरुत्पादन आजही वाहत्या ओढ्यांवरच अवलंबून आहे.

अन्य देशांतील तुलना

प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालणारे मासे जगभर आढळतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्टीलहेड हा इंद्रधनुषी ट्राउटचाच समुद्रात जाऊन परतणारा प्रकार आहे. तो नदी-ओढ्यांत येऊन हिवाळ्याच्या उत्तरार्धात व वसंत ऋतूत अंडी घालतो. त्या सुमारास डोंगरावरील बर्फ वितळून ओढ्यांना पूर येतो. तेथील गळकरीही लोंढ्याची मधली धार सोडून काठालगतच्या संथ पाण्यात गळ टाकतात आणि पूर उतरून पाणी निवळू लागण्याची वाट पाहतात. पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेड मात्र जगून पुन्हा चढू शकतो. दख्खनमधील चढणीचे मासेही एकाहून अधिक पावसाळ्यांत अंडी घालतात. त्यामुळे एक मोठी मादी वाचली तर अनेक वर्षांची पैदास वाचते.

अमेरिकेतील कोलंबिया नदीवर १९३८ मध्ये सुरू झालेल्या बॉनव्हिल धरणात माशांना टप्प्याटप्प्याने वर जाता यावे म्हणून पायऱ्यांची रचना, म्हणजे मत्स्यसोपान, केलेली आहे. असे सोपान उंच उडी घेणाऱ्या सॅमनसाठी योजलेले असतात. दख्खनच्या कार्पवर्गीय व मिशाळ माशांसाठी सौम्य उताराचा खडबडीत मार्ग अधिक योग्य ठरतो.

कायदा आणि संवर्धन

१८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने पाण्यात स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास बंदी घातली. पावसाळ्यातील १ जून ते ३१ जुलै या काळातील यांत्रिक मासेमारीची बंदी समुद्रासाठी आहे. गावओढ्यांवरील मासेमारी प्रत्यक्षात बहुतांशी ग्रामस्थांच्या संयमावरच सोडलेली असते.

संवर्धनाच्या दृष्टीने पुढील उपाय सुचवले जातात : पहिल्या पुराचे दोन-तीन दिवस ओढ्यात जाळी न लावणे, ओढ्याची पूर्ण रुंदी सापळ्यांनी न अडवता निम्मी वाट मोकळी ठेवणे, गाभोळी असलेली मोठी मादी सोडून देणे, पिल्ले परतण्याच्या काळात बारीक छिद्रांची जाळी टाळणे, मरळीच्या पिल्लांच्या थव्याखालचा मासा न धरणे, बर्गे वेळेवर काढणे. यांतील कोणत्याही उपायास खर्च येत नाही. मात्र ते एकट्याने पाळून भागत नाही. वरच्या गावाने सोडलेला मासा खालच्या गावाने धरला तर उपयोग शून्य होतो, म्हणून एका ओढ्यावरील सर्व गावांनी मिळून नियम ठरवणे आवश्यक असते.

धोके

चढणीची मासेमारी जिवावर बेतू शकते. ओढ्याच्या वरच्या भागात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली ऊन असतानाही अचानक येतो. उजनी व वीर धरणांतून विसर्ग वाढवल्यास भीमेची पातळी काही तासांत चढते. सांडव्याचा शेवाळलेला दगड, पुलावरून वाहणारे पाणी आणि वाळूउपशाने पडलेले खोल खड्डे ही बुडण्याची नेहमीची कारणे आहेत. गढूळ पाण्यात तळ दिसत नसल्यामुळे ओळखीच्या जागीही खोलीचा अंदाज चुकतो. विसर्गाबाबत प्रशासनाने दिलेला इशारा असताना पात्रात उतरू नये, तसेच विजांचा कडकडाट होत असताना पाण्यात अथवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

हेही पहा

भीमा नदी
उजनी धरण
सीना नदी
महसीर
मानसोल्लास